हेमाकाकू, लॅपटॉप सुरू झाला

हेमाकाकू, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायचा अधिकार माझा नाही. इथं न्यू जर्सीत, पार्सिपनी गावात, तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं आहेत. त्यांच्या मुलांच्या बारशांना तुम्ही होतात, त्यांच्या ग्रीनकार्डाच्या पार्टीलाही होतात. मी आपला दोन हिवाळे तुमच्या किचनमधल्या टेबलापाशी येऊन बसलो, तेही स्वतःचंच काम घेऊन. पण परवा मीराचा फोन आला. म्हणाली, "सोमनाथ, विल यू राइट समथिंग अबाउट आई? इन मराठी. बाबा वॉन्ट्स इट इन मराठी." तुमच्या लेकीला नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. सवयीनं 'येस' म्हणून गेलो.

आताही भीती वाटतेच आहे. काहीतरी चुकीचं लिहीन, तुमच्याऐवजी स्वतःबद्दलच लिहीन, आणि वाचणारे म्हणतील, हा कोण? तर सांगून टाकतो. मी हिंगोलीजवळच्या एका गावातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि ती चढता चढता एकदम न्यू जर्सीत येऊन पडलेला. पावसाचं पाणी रस्त्याखालच्या मोऱ्यांमधून कसं वाहतं, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणं हा माझा मास्टर्सचा प्रोजेक्ट. मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात तुम्ही मला विचारलंत, "लॅपटॉप कोणता वापरतोस?" मी म्हणालो, "लायब्ररीतला." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "रविवारी ये. मीराचा जुना पडलाय. त्याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देते. अजून पुष्कळ जीव आहे त्याच्यात."

त्या लॅपटॉपच्या झाकणावर मीरानं शाळेत असताना चिकटवलेला हिरवा बेडूक होता. टेबलावर ठेवला की तो डुगडुगायचा, कारण खालची बॅटरी फुगली होती. तुम्ही तसं म्हणालात आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो.

"अरे, काहून घाबरतोस? बॉम्ब नाहीये तो," तुम्ही म्हणालात. मग बॅटरी हातात घेऊन नीट बघितलीत. "म्हणजे, आहे थोडासा."

दिलीपकाका सिंकपाशी भांडी विसळत होते. ते म्हणाले, "हेमा, त्याला कशाला अजून घाबरवतेस? आधीच पोरगं पांढरं पडलंय."

बॅटरी घरामागच्या डेकवरच्या रिकाम्या कुंडीत वाळूत गेली आणि पुढच्या आठवड्यात रिसायकलिंगला. लॅपटॉप आता फक्त चार्जरवर चालणार होता. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात मात्र ती फुगलेली बॅटरी राहिली. मी ज्या बेसमेंटमध्ये राहतो ते घर लाकडाचं. इथली सगळीच घरं लाकडाची, याची मला आल्यापासून धास्ती आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

लिनक्स टाकायला दुपार गेली. पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप परत चालू केला तर काळा स्क्रीन आणि वर एक पांढरी ओळ. मला वाटलं, मीराचा लॅपटॉप मी मारला.

"काय लिहिलंय? वाच," तुम्ही पोळ्या लाटता लाटता म्हणालात.

"काकू, फोटो काढून दाखवू?"

"फोटो नको. वाच."

"नो बूटेबल डिव्हाइस फाउंड."

"आता मराठीत सांग."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. काकांनीही सिंकपाशी मान हलवली, म्हणजे हा प्रकार त्यांना नवा नव्हता. मी अडखळत म्हणालो, "जिथून सुरू करता येईल असं... काही सापडलं नाही."

"मेलंय, असं लिहिलंय का कुठं?"

"नाही."

"बिघडलंय?"

"नाही."

"मग? त्याला सापडत नाहीये, एवढंच. सामान आपण गराजमधून आत घेतलंय आणि हा फ्रंट डोअरची बेल वाजवत बसलाय. त्याला सांगायचं, बाबा रे, मागून ये."

पिठाचे हात पुसून तुम्ही एक बटण दाबून धरलंत. निळा स्क्रीन आला. याला बायोस म्हणतात आणि बाकी कशाच्याही आधी हे जागं होतं, हे त्या दिवशी मला कळलं. तिथं डिस्क शोधायच्या दोन पद्धती होत्या, एक नवी, एक जुनी. आपण लिनक्स टाकलं होतं जुन्या पद्धतीनं आणि यंत्र शोधत होतं नव्या पद्धतीनं. तुम्ही ते बदललंत, सेव्ह केलंत, आणि लॅपटॉप सुरू झाला. मी इतका सुटल्यासारखा हसलो की काकांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटमध्ये तीच पांढरी ओळ.

पुढचे किती आठवडे आपण या एका ओळीशी भांडलो! मी फोन करायचो. तुम्ही आधी वाचायला लावायचात, मग मराठीत सांगायला, मग बायोसमध्ये जायला. जाऊन बघावं तर सेटिंग परत आपोआप नव्या पद्धतीवर गेलेलं. ते बदललं की दिवसभर सुरळीत. सकाळी पुन्हा तेच. रविवारी तुमच्याकडे आणला की पहिल्यांदा हमखास अडायचा. एकदा सुरू झाला की मात्र तुम्ही कितीही वेळा बंद-चालू करा, शहाण्यासारखा वागायचा.

"तुझ्या बेसमेंटमध्ये भूत आहे," तुम्ही एकदा वैतागून म्हणालात.

"भुताला भाडं लाव मग," काका म्हणाले.

तुमचं म्हणणं, आत डिस्कची केबल सैल आहे आणि बॅगेत हलल्यावर सुटते. तुम्ही केबल बदललीत. फरक पडला नाही. मी म्हणालो, "काकू, न हलवताही होतं. रात्री टेबलावर असतो, सकाळी तिथंच असतो."

"मग तू काहीतरी करतोस."

"मी काहीच करत नाही."

"काहीच करत नाही असं नसतं रे. बंद कसा करतोस?"

"शट डाउन करतो. नीट. तुम्ही शिकवलंय तसं."

आतला छोटा सेल संपला असेल, अशीही शंका तुम्हाला आली होती. त्या सेलच्या जोरावर बायोसला आपली सेटिंग्ज आणि घड्याळ लक्षात राहतं, हे तुम्हीच मला समजावलंत. पण मग तुमचं तुम्हीच खोडून काढलंत, "सेल गेला असता तर माझ्या टेबलावरही विसरला असता. इथं तर तासभर बंद ठेवला तरी विसरत नाही." शिवाय घड्याळ कधी चुकलेलं दिसत नव्हतं. आत शिरल्या शिरल्या वायफाय लागायचं आणि इंटरनेटवरून वेळ आपोआप बरोबर व्हायची.

आपला खरा वाद वेगळाच होता आणि तो अर्धा राहिला. मी एकदा चिडून म्हणालो होतो, "काकू, मराठीत कशाला सांगायचं? ती ओळ इंटरनेटवर टाकली तर मिनिटात उत्तरं येतात."

"येतात ना. दुसऱ्यांच्या लॅपटॉपची. तू तुझ्या स्क्रीनकडे बघतच नाहीस. भितोस आणि डोळे मिटून घेतोस."

"भीती वाटते म्हणूनच तर मी नीट राहतो. भीती नसती तर इथवर आलो नसतो."

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, पण कुकरची शिट्टी झाली. "नंतर बोलू यावर," म्हणालात आणि उठलात. ते नंतर आलं नाही. तुम्ही काय म्हणणार होतात? मी पुष्कळ अंदाज करून बघितले. एकही तुमच्या आवाजात ऐकू येत नाही.

मला तुमच्यासमोर सगळ्याचीच भीती वाटायची, हे तुम्हाला दिसत असणार. प्रोफेसर बोलले की न समजताही मी 'येस, येस' म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "येस म्हणू नकोस, परत सांगा म्हण." तुम्हीही मराठी शाळेतून आलात, नागपूरहून इथं आल्यावर पहिल्या नोकरीत मीटिंग संपली की बाथरूममध्ये जाऊन ऐकलेली वाक्यं स्वतःशी मराठीत म्हणून बघायचात, हे तुम्ही एकदा सहज बोलून गेलात. मी त्यावर काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. निदान एवढं तरी सांगायला हवं होतं की त्या दिवसापासून मीही तसं करतो.

शेवटचं सेमिस्टर आलं. तीन प्रोफेसरांसमोर मॉडेल चालवून दाखवायचं होतं. ते सॉफ्टवेअर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाकायची परवानगी नव्हती, म्हणजे दाखवायचं ते याच लॅपटॉपवर. तिथं सगळ्यांसमोर ती पांढरी ओळ आली तर? आणि एखाद्या दिवशी सेटिंग बदलूनही सुरू झाला नाही तर? नापास झालो तर आणखी एक सेमिस्टर इथं राहणं मला शक्य नव्हतं. गावी परत जावं लागलं असतं, आणि आई लोकांना काय सांगेल याचा विचारही मला करवत नव्हता. जेवण जाईना. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी येते. मागच्या खुर्चीवर बसते. तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

मग तुमचा खोकला वाढला. "एक छोटी प्रोसिजर आहे, दोन दिवसांत घरी," असा तुमचा मेसेज आला, शेवटी अंगठ्याचा इमोजी. त्यानंतर मी पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक दिसू लागली. मला वाटलं, फोन चार्ज केला नसेल. मला वाटलं, माझ्यावर चिडलात. इतक्या वेळा तेच ते विचारणाऱ्या मुलावर कोण चिडणार नाही?

प्रेझेंटेशनला दोनच दिवस उरले होते. सकाळी लॅपटॉप चालू केला आणि तीच ओळ आली. बायोसमध्ये जायला घेतलं तर घाईत दोनदा बटण चुकलं. तुमचा मोबाइल लागेना, म्हणून घरच्या नंबरवर फोन केला. खूप वेळ वाजला. काकांनी उचलला.

"बोल, सोमनाथ."

"काका, काकू आहेत का?"

"आराम करतेय. बोलायला नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. काय झालं?"

"काही नाही. लॅपटॉप. तेच. राहू द्या, नंतर..."

"थांब. मला सांग, मी तिला विचारतो." पावलांचा आवाज आला, दाराचा आवाज आला. परत आले. "काय लिहिलंय, वाच म्हणतेय."

मी वाचलं.

"मराठीत सांग म्हणतेय."

सांगितलं. काका कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांचे ईमेलसुद्धा तुम्हीच बघायचात. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या आधी काय आलं होतं?"

"आधी? आधी काही नाही."

"सगळ्यात पहिल्यांदा. परत चालू कर आणि पहिल्यापासून वाच. घाई नाहीये तिला."

मी बंद करून परत चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं आणि त्याच्याखाली एक बारीक ओळ चमकून गेली. ती मला माहीत होती. ती रोज यायची आणि मी रोज पुढच्या काळ्या स्क्रीनच्या धास्तीनं श्वास रोखून तिच्यावरून नजर पुढे न्यायचो. मी प्लग काढून परत लावला, चालू केला आणि या वेळी ती वाचली.

"तारीख आणि वेळ... लावलेली नाही."

"मग?"

"म्हणजे घड्याळ विसरलंय. काका, घड्याळ विसरलं म्हणजे सेल गेलाय. पण काकू म्हणाल्या होत्या, सेल गेला असता तर तुमच्या टेबलावरही..." आणि मी थांबलो. तुमच्या टेबलावर चार्जर दिवसभर भिंतीत लावलेला असायचा. "काका, मी रात्री पिन काढतो."

"कसली पिन?"

"चार्जरची. रोज. भिंतीतून."

आमच्या गावी एका पावसाळ्यात वीज पडून टीव्ही जळाला. तेव्हापासून आई झोपायच्या आधी प्रत्येकाला विचारते, "बटणं बंद केली का?" इथं भिंतीतल्या सॉकेटला बटणंच नाहीत. म्हणून मी सगळ्याच्या पिना काढून ठेवतो, टोस्टरच्या, दिव्याच्या, चार्जरच्या. फुगलेली बॅटरी आणि लाकडाचं घर बघितल्यावर तर जास्तच. तुम्ही 'काय करतोस' विचारलंत तेव्हा हे मला आठवलंच नाही, कारण हे काही 'करणं' आहे असं मला वाटतच नव्हतं. ते दात घासण्यासारखं होतं. बॅटरी काढलेली, आतला सेल संपलेला, आणि वर मी पिन काढायचो. बिचाऱ्याच्या लक्षात राहणार कसं?

काका म्हणाले, "थांब, तिला सांगतो." पुन्हा पावलं, पुन्हा दार. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला. "हसतेय ती," म्हणाले.

मी इतका आनंदात होतो, काकू, की तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचंच विसरलो.

फार्मसीतून गोल सेल आणला. तळाचे स्क्रू काढताना कपाळावरचा घाम आत पडेल म्हणून टॉवेल बांधून बसलो. सेल बसवला, तारीख लावली, सेटिंग बदललं. मग मुद्दाम पिन काढली आणि बसून राहिलो. बायोस विसरायला किती वेळ लागतो कोण जाणे, म्हणून कपडे धुऊन आलो. पिन लावली, चालू केला. सुरू झाला. तारीख बरोबर. मी तुम्हाला मेसेज पाठवला, 'काकू, सुरू झाला.' एक टिक.

आपला वाद तुम्ही जिंकलात, असं म्हणावं लागेल. माझी भीतीच ते सेटिंग पुसत होती. पण खरं सांगू? त्या रात्रीही मी टोस्टरची पिन काढूनच झोपलो. आजही काढतो. याबाबतीत तुमच्याशी अजून थोडं भांडायचं होतं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मागची खुर्ची रिकामी होती. मी दाराकडे बघत बघत लॅपटॉप लावला. लिनक्स वर येईपर्यंत ती बारीक ओळ दिसते का, ते बघत राहिलो. सुरू झाला. मॉडेल चाललं, पाणी मोऱ्यांमधून वाहिलं. एका प्रोफेसरांनी असा काही प्रश्न विचारला की मला एक अक्षर कळलं नाही. तोंडात 'येस' आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "सर, कुड यू प्लीज से इट अगेन?" त्यांनी परत सांगितलं. मला कळलं. उत्तरही येत होतं.

मला बाहेर थांबायला सांगितलं, मग आत बोलावून हात मिळवले. मी पास झालो होतो. बॅग पाठीला लावून बाहेर आलो, तर पार्किंग लॉटमध्ये तुमची निळी गाडी उभी. मला वाटलं, आलात! उशीर झाला, पण आलात. मी बर्फाच्या चिखलातून पळत सुटलो, दोनदा घसरलो. ड्रायव्हरच्या सीटवर काका होते. बाजूची सीट रिकामी, मागचीही.

त्यांनी काच खाली केली. "झालं?"

"झालं काका. पास. काकू घरी आहेत का? तुम्ही कसे आलात?"

"शाब्बास. बस आत. थंडी आहे."

मी बसलो. त्यांनी गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून ते समोर बघत राहिले.

"सोमनाथ, मी तुझ्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "तिला आवडलं नसतं. ती बी.ई.च्या परीक्षेला बसली होती तेव्हा तिचे वडील गेले आणि पेपर संपेपर्यंत घरच्यांनी तिला सांगितलं नाही. त्याचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण तुझा फोन आला, तुझा आवाज ऐकला, आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. मंडळाच्या ग्रुपवर कुणी काही टाकू नका, असं सगळ्यांना मीच सांगितलं."

मी पाठीवरची बॅग काढून मांडीवर घेतली. बोलायची भीती वाटली.

"हेमा गेली रे," काका म्हणाले. "तुझा तो फोन आला ना, त्याच्या आदल्याच दिवशी, दुपारी."